जुना लॅपटॉप सुरू होत नाही? आधी तो कुठे अडलाय ते शोधा

पाऊस लागून हवा ओली झाली की गोव्यात जुने लॅपटॉप हट्टाला पेटतात. रात्री नीट बंद केलेला लॅपटॉप सकाळी बटण दाबून दाबून ढिम्म हलत नाही. मग घरातले कोणी तरी म्हणते, "आता नवा घ्या," आणि दुसरे कोणी तरी म्हणते, "फॉरमॅट मारून बघ." दोन्ही सल्ले घाईचे. सात-आठ वर्षे चाललेला लॅपटॉप अडतो तेव्हा बऱ्याचदा मागे चार्जर असतो, नाही तर रॅमचा (चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीच्या पट्टीचा) संपर्क, आतला नाण्याएवढा सेल किंवा थकलेली हार्ड डिस्क. या चारही गोष्टी मदरबोर्डला (आतल्या मुख्य सर्किट बोर्डला) धक्का न लावता घरी तपासता येतात.

हा लेख लॅपटॉपचे खालचे झाकण कधीच न उघडलेल्यांसाठी आहे. सुरू करण्यापूर्वी दोन नियम पक्के करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लगेच बटण दाबून बघायचे. चार गोष्टी एकदम केल्या आणि लॅपटॉप चालू झाला, तर नेमके कशाने झाला ते कळत नाही आणि पुढच्या आठवड्यात तोच खेळ पुन्हा. दुसरा नियम फाइल्सचा: त्या बाहेर काढून होईपर्यंत फॉरमॅट, रिसेट, विंडोज नव्याने टाकणे यातले काहीही करायचे नाही.

हाताशी काय असावे? शून्य नंबरचा चार पाकळ्यांचा स्क्रूड्रायव्हर, झाकण सोडवायला गिटारची जुनी पिक (आपल्याकडे ती घरात नसली तर शेजारी नक्की मिळते), ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारे कापड, मऊ पांढरा खोडरबर, साधा डिजिटल मल्टिमीटर आणि ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह. मल्टिमीटर नसला तरी अडत नाही. त्याच कंपनीचा, तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्या किंवा जास्त वॅटचा कोणाचा तरी चार्जर तासाभरासाठी आणला तरी चालतो.

कुठे अडलाय ते ओळखा

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत लॅपटॉप ठरावीक क्रमाने पुढे जातो. आधी वीज पोचते. मग तो स्वतःची रॅम, प्रोसेसर, कीबोर्ड तपासतो. मग कंपनीचा लोगो येतो. त्यानंतर तो डिस्क शोधतो आणि डिस्कवरची विंडोज उचलतो. तुमचा लॅपटॉप यातल्या कुठल्या पायरीवर थांबला, यावर पुढचे सगळे ठरते.

एकही दिवा लागत नसेल तर दोष विजेच्या वाटेवर आहे. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी असेल तर रॅम किंवा स्क्रीन. लोगो दिसून पुढे काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी ओळ आली तर डिस्क किंवा बायॉसची (विंडोजच्या आधी जागा होणाऱ्या, बोर्डवरच्या छोट्या प्रोग्रॅमची) सेटिंग. विंडोजचे ठिपके गोल गोल फिरत राहिले किंवा निळा पडदा आला, तर यंत्राचा बराचसा भाग ठीक आहे आणि दोष विंडोजमध्ये किंवा डिस्कमध्ये आहे. शेवटच्या दोन प्रकारांत रॅमचा दोषही कधी कधी डोकावतो, म्हणून रॅमची तपासणी टाळू नका.

काळ्या स्क्रीनसमोर एक सोपी चाचणी करा. बटण दाबून दोन मिनिटे थांबा आणि कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा दाबल्याबरोबर लागत-विझत असेल तर लॅपटॉप आतून जागा आहे, फक्त दिसत नाही. ज्या मॉडेलला कॅप्स लॉकचा दिवाच नसतो तिथे ही चाचणी अर्थातच लागू नाही.

एकही दिवा लागत नाही

आधी लॅपटॉपला जोडलेले सगळे काढा: माउस, पेनड्राइव्ह, प्रिंटर, मेमरी कार्ड, एचडीएमआयची केबल. मग भिंतीतल्या सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून वीज आहे याची खात्री करा. हे सांगायला नको असे वाटते, पण जुन्या घरातल्या सैल सॉकेटने आणि स्पाइक बस्टरच्या जळालेल्या फ्यूजने कित्येक लॅपटॉप उगाच दुकानापर्यंत गेले आहेत.

आता चार्जर. त्याच्या तळाशी लेबलवर आउटपुट लिहिलेले असते. बहुतेक जुन्या लॅपटॉपना १९ किंवा १९.५ व्होल्ट लागतात, लेनोवोच्या बऱ्याच मॉडेल्सना २० व्होल्ट. मल्टिमीटरची डीसीची २० व्होल्टची पट्टी इथे अपुरी पडू शकते, म्हणून २०० व्होल्टची पट्टी लावा. लाल टोक पिनच्या आतल्या भिंतीला, काळे बाहेरच्या धातूला. आकडा लेबलच्या आसपास स्थिर दिसला पाहिजे. १९.५ च्या जागी १५-१६ दिसत असेल किंवा वायर हलवली की आकडा उड्या मारत असेल तर चार्जर गेला. वायर बहुधा पिनच्या मानेजवळ आतून तुटते, वरून काही दिसत नाही.

डेल आणि एचपीच्या जाड गोल पिनेत मधोमध एक बारीक सुई असते. तिच्यातून वीज जात नाही. हा चार्जर किती वॅटचा आहे ही ओळख तिच्यातून लॅपटॉपला कळते. मल्टिमीटरचे टोक त्या सुईला आणि भिंतीला एकाच वेळी टेकू देऊ नका. सुई वाकली किंवा तिची वायर तुटली तर गंमत होते: लॅपटॉप चालू होतो, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि डेलचे लॅपटॉप तर प्रोसेसरचा वेग पार खाली आणतात. मग विंडोज उघडायला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि लोक डिस्कला दोष देतात.

टाइप-सी चार्जरचे गणित वेगळे. लॅपटॉपशी बोलणे झाल्याशिवाय तो ५ व्होल्टच्या वर जात नाही, त्यामुळे मोकळ्या पिनेवर मल्टिमीटर लावून काही कळत नाही. तिथे ४५ किंवा ६५ वॅटचा पॉवर डिलिव्हरीवाला दुसरा चार्जर लावून बघणे हाच उपाय. मोबाइलच्या १८ वॅटच्या चार्जरवर लॅपटॉप उठेल अशी आशा धरू नका.

चार्जरवर दिवा असेल तर एक महत्त्वाची खूण बघा. चार्जर मोकळा असताना दिवा लागलेला आहे आणि पिन लॅपटॉपमध्ये घातल्याबरोबर विझतो. पिन काढली की थोड्या वेळाने परत लागतो. याचा अर्थ लॅपटॉपच्या बोर्डवर किंवा पिनेच्या सॉकेटमध्ये शॉर्ट आहे आणि चार्जर स्वतःला वाचवतो आहे. इथे घरची दुरुस्ती संपली. पुन्हा पुन्हा पिन घालून बघू नका.

चार्जर ठीक असूनही दिवा नाही, तर साठलेली वीज काढून टाका. चार्जर काढा. बॅटरी मागून निघणारी असेल तर तीही काढा. पॉवरचे बटण सलग ३० सेकंद दाबून धरा, सोडा. मग बॅटरी न लावता फक्त चार्जर जोडून बटण दाबा. बॅटरी आत बसवलेली असेल तर आधी फक्त चार्जर काढून ३० सेकंद बटण धरून बघा. काही लेनोवो थिंकपॅडच्या तळाला त्यासाठी सुईएवढे छिद्र असते, त्यात पेपरक्लिपचे टोक घालून आतले बटण दाबायचे. विजेचा झटका बसला किंवा वीज जाऊन-येऊन राहिली की बोर्डवरचा वीज सांभाळणारा छोटा कंट्रोलर कधी कधी अडकून बसतो आणि एवढ्याने तो मोकळा होतो. मे महिन्याच्या शेवटी आणि ऑक्टोबरमध्ये गडगडाट झाल्यानंतर बिघडलेल्या लॅपटॉपवर हा उपाय सर्वांत आधी करावा.

बॅटरी काढल्यावर लॅपटॉप लगेच सुरू झाला तर दोषी बॅटरी. आणि ती फुगलेली असेल तर? टचपॅड वर आलेला, तळ टेबलावर डुगडुगतो, झाकण नीट बसत नाही, ही लक्षणे. अशी बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्ज तर मुळीच करू नका. ती दुकानात काढवून घ्या आणि ई-कचऱ्यात द्या. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या पिशवीत ती जाता कामा नये.

दिवा लागतो, स्क्रीन काळी

खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. लोगो किंवा विंडोजची चित्रे फिकट दिसली तर स्क्रीनच्या मागचा प्रकाश गेला आहे, लॅपटॉप नव्हे. ब्राइटनेसची कळ दोन-चार वेळा दाबून बघा. मग घरातल्या टीव्हीला एचडीएमआयने जोडा. टीव्हीवर सगळे स्वच्छ दिसले की प्रश्न स्क्रीनचा किंवा बिजागरीतून जाणाऱ्या पट्टीच्या केबलचा. झाकण अर्धे मिटून हळूहळू उघडताना चित्र येते-जाते असे झाले तर केबलच. रोज झाकण उघडून-मिटून ती बिजागरीपाशी झिजते. केबल बदलणे स्क्रीन बदलण्यापेक्षा बरेच स्वस्त पडते, म्हणून दुकानदाराने "स्क्रीन गेली" म्हटले की बिजागरीची चाचणी त्याच्यासमोर करून दाखवा.

एक विसरली जाणारी गोष्ट: झाकण मिटले की स्क्रीन बंद करायला लॅपटॉपमध्ये चुंबकाचा सेन्सर असतो. लॅपटॉप दुसऱ्या लॅपटॉपवर ठेवलेला असेल किंवा चुंबकाचे कव्हर असलेला मोबाइल कडेला टेकला असेल, तर झाकण मिटले असे समजून स्क्रीन अंधारते.

टीव्हीवरही काही नाही आणि कॅप्स लॉकही हलत नाही, मग रॅमकडे वळा. गोव्यात या पायरीवर जास्त वेळ द्यावा असे आमचे मत आहे. समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत धातूच्या संपर्कांवर थर चढतो. डिचोली, सांगे भागात त्यात तांबडी धूळ मिसळते. चिप शाबूत असते, फक्त पट्टी आणि खाच यांच्यात वीज नीट जात नाही. पावसाळाभर कपाटात ठेवून गणपतीच्या सुट्टीत बाहेर काढलेला लॅपटॉप काळा पडदा दाखवतो तेव्हा पहिला संशय इथेच घ्यावा.

रॅम अशी काढा. चार्जर काढा, बॅटरी काढा. बॅटरी आत असेल तर झाकण उघडल्यावर पहिले काम तिची केबल बोर्डवरून सोडवणे. झाकणाचे स्क्रू काढताना कागदावर लॅपटॉपचा तळ रेखाटा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. सगळे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात. छोट्याच्या जागी लांब गेला तर तो वरच्या बाजूने कीबोर्डखाली किंवा बोर्डमध्ये घुसतो. काही स्क्रू रबरी पायांखाली किंवा डीव्हीडी ड्राइव्हजवळ लपलेले असतात. झाकण जोर लावून उचकटायचे नाही: सगळीकडून पिक फिरवल्यावर एकाच कोपऱ्यात ते अडत असेल तर तिथे हमखास एक स्क्रू राहिलेला असतो.

रॅमच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना धातूच्या चिमट्या असतात. त्या एकदम बाहेर सरकवल्या की पट्टी साधारण ३० अंशांत आपोआप वर उचलली जाते. मग ती त्याच कोनात ओढून काढा. सोनेरी दातांना बोट लावू नका. दात काळपट किंवा हिरवट दिसतील. मऊ खोडरबर एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवा, चुरा पूर्ण झटका, मग कापडाला थोडे अल्कोहोल लावून पुसा आणि पाच मिनिटे वाळू द्या. खाचेत खोडरबर घालायचा नाही. तिथे फुंकर मारायची नाही (तोंडातली वाफ आत जाते), मऊ कोरडा ब्रश फिरवा. पट्टी परत ३० अंशांत पूर्ण आत ढकला, दात दिसेनासे झाले पाहिजेत, मग खाली दाबा. दोन्ही चिमट्या "टक" करून बसल्या पाहिजेत. एकच बसली तर पट्टी तिरकी आहे.

दोन पट्ट्या असतील तर एकच लावून बघा, मग दुसरी, मग दुसऱ्या खाचेत. दोन पट्ट्या आणि दोन खाचा म्हणजे चार जोड्या होतात, चारही तपासा. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना काही लॅपटॉप मिनिट-दोन मिनिटे काळाच पडदा दाखवतात. दहा सेकंदांत बटण दाबून बंद करू नका.

नवी पट्टी घ्यायची तर प्रकार, म्हणजे रॅमची पिढी (डीडीआर३, डीडीआर४), जुळला पाहिजे. डीडीआर३ ला २०४ दात आणि डीडीआर४ ला २६० दात असतात, मधली खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकाची दुसऱ्यात बसतच नाही. घोळ होतो तो डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांत. दिसायला दोन्ही सारख्या, पण साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते आणि 'एल' वाली १.३५ वर. साधारण २०१३ नंतरच्या कित्येक लॅपटॉपना 'एल'च लागते. साधी घातली तर काळा पडदा तसाच राहतो आणि आपण समजतो बोर्ड गेला. जुनी पट्टी खिशात घालून दुकानात जा.

सुरू होताना लॅपटॉप बीप देत असेल किंवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल तर तो मोजा, मोबाइलवर व्हिडिओ घ्या. संकेतांचा अर्थ कंपनीप्रमाणे आणि मॉडेलप्रमाणे बदलतो. डेलच्या बऱ्याच जुन्या मॉडेल्समध्ये २ किंवा ४ बीप रॅमचे, ५ बीप सेलचे आणि ८ बीप स्क्रीनचे. तुमच्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट मिळते, त्यातला तक्ताच प्रमाण माना. सलग न थांबणारी बीप मात्र बहुधा दाबून राहिलेल्या कळीची असते. मुंग्या, चहा किंवा ओल यांनी कीबोर्ड खराब झाला की हे होते. उघडलेले असतानाच कीबोर्डची पट्टी बोर्डवरून सोडून, बाहेरचा कीबोर्ड लावून बघा.

नाण्याएवढा सेल आणि त्याने उडवलेली झोप

या छोट्या भागाचे प्रताप मोठे आहेत. बोर्डवरचे घड्याळ आणि बायॉसच्या सेटिंग ३ व्होल्टच्या सीआर२०३२ सेलवर जपलेल्या असतात. सात-आठ वर्षांत तो उतरतो. मल्टिमीटरवर २.७ च्या खाली आला की बदलावा. साधा सेल शंभर रुपयांच्या आत मिळतो. बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो काळ्या-पिवळ्या वेष्टनात गुंडाळलेला, दोन वायरी आणि छोटा प्लग असलेला असतो, तो त्या प्लगसकटच घ्यावा. काही नव्या, पातळ मॉडेल्समध्ये हा सेल नसतोच.

तारीख दर वेळी काही वर्षे मागे जाते, हे सेल उतरल्याचे ओळखीचे लक्षण. पण खरी पंचाईत पुढे आहे. सेल मेला की बायॉस कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर जाते. विंडोज ७ च्या काळात भरलेले आणि नंतर विंडोज १० केलेले कित्येक लॅपटॉप जुन्या 'लेगसी' पद्धतीने सुरू होतात. मूळ सेटिंग 'यूईएफआय' या नव्या पद्धतीची असेल तर लॅपटॉप चांगली डिस्क समोर असूनही "नो बूटेबल डिव्हाइस" (सुरू करण्याजोगी डिस्क नाही) म्हणतो. उलटही होते. अशा लॅपटॉपची डिस्क "गेली" म्हणून बदलली जाते आणि जुनी, धडधाकट डिस्क कचऱ्यात जाते.

म्हणून डिस्क बदलण्याआधी बायॉस उघडा. चालू करताच कळ ठोकत राहा: डेल, एसर, आसुस यांना एफ२, एचपीला एफ१०, थिंकपॅडला एफ१, आयडियापॅडला एफ२ किंवा बाजूचे छोटे नोव्हो बटण. आत आधी तारीख-वेळ नीट करा. मग डिस्कचे नाव यादीत दिसते का बघा. दिसत असेल तर 'बूट' पानावर लेगसी आणि यूईएफआय यांची अदलाबदल करा, जतन करा आणि चालू करून बघा. फरक पडला नाही तर परत होते तसे ठेवा. 'साटा मोड' हे आणखी एक सेटिंग असते: बोर्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलतो, एएचसीआय किंवा रेड. ते बदलले गेले तर विंडोज लोगोपर्यंत येते आणि "इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" असा निळा पडदा देते. प्रत्येक बदलाआधी पानाचा फोटो घ्या.

सेटिंग बदलल्यावर निळ्या पानावर ४८ आकड्यांची बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची) की मागितली तर घाबरू नका, पण अंदाजेही काही भरू नका. ती बहुधा लॅपटॉप सेट करताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, मोबाइलवरून लॉगिन करून बघता येते. ऑफिसच्या लॅपटॉपची ऑफिसकडे असते. सेटिंग पूर्ववत केली की बऱ्याचदा मागणीही थांबते.

डिस्क दिसत नाही, किंवा दिसून दगा देते

बायॉसच्या यादीत डिस्कच नसेल तर रॅमसारखाच उपाय: झाकण उघडा, बॅटरीची केबल सोडा, डिस्क तिच्या खाचेतून सरकवून काढा, दात पुसा, परत घट्ट बसवा. अडीच इंची डिस्कची पट्टीची केबल सैल होणे सर्रास घडते.

हार्ड डिस्कला कान लावा. नियमित "टक्... टक्..." असा आवाज येत असेल तर ताबडतोब बंद करा. आतला हात चकतीवर जागा शोधत आपटतो आहे आणि प्रत्येक वेळी चालू केल्याने जखम वाढते. आत लग्नाचे फोटो किंवा हिशेब असतील तर ती डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडेच द्या. डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा एक उपाय अजून सांगितला जातो. आपल्या हवेत बाहेर काढताच तिच्यावर पाणी धरते; तो करू नये.

आवाज नाही, पण सुरू व्हायला दहा मिनिटे लागतात, मध्येच थिजतो, अशी डिस्क मरणाच्या वाटेवर असते. दुसऱ्या संगणकावर लिनक्स मिंटचा (विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट ऑपरेटिंग सिस्टीमचा) पेनड्राइव्ह बनवा (रूफस किंवा एचर हे फुकट प्रोग्रॅम वापरून), एफ१२ किंवा एचपीवर एफ९ ने त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि 'ट्राय' पद्धतीनेच चालवा, काही इन्स्टॉल करू नका. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप नीट चालला, तर बोर्ड, रॅम आणि स्क्रीन बहुधा ठीक आहेत हेही त्याच वेळी कळते. मग बाहेरच्या डिस्कवर फाइल्स घ्या. आधी लहान आणि न भरून येणाऱ्या गोष्टी: कागदपत्रे, फोटो. चित्रपट शेवटी. विंडोजचा भाग फक्त वाचता येतो असे लिनक्सने म्हटले तर काळजी नको. विंडोज अर्धवट झोपलेली असते म्हणून तसे होते, आणि कॉपी करायला वाचता येणे पुरेसे आहे.

फाइल्स निघाल्या की डिस्कची तब्येत बघा. मिंटच्या 'डिस्क्स' प्रोग्रॅममध्ये स्मार्टचा, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेल्या तब्येतीच्या नोंदींचा, तक्ता असतो. त्यात 'रिअलोकेटेड' (खराब म्हणून बदललेल्या) आणि 'पेंडिंग' (खराब असल्याचा संशय असलेल्या) सेक्टरचे, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांचे, आकडे शून्य असावेत. पेंडिंग वाढत असेल तर डिस्कला निरोप द्या. तिच्यावर चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्रॅम) चालवून सुधारेल असे समजू नका; आजारी डिस्कवर तो तासन्‌तास चालतो आणि तेवढ्यात उरलीसुरलीही जाते. त्या जागी २५६ जीबीची साटा एसएसडी (फिरती चकती नसलेली डिस्क) बसवली की जुना लॅपटॉप पूर्वीपेक्षा चपळ होतो. जुन्या डिस्कच्या जाडीकडे लक्ष ठेवा: ९.५ मिलिमीटरच्या जागी ७ मिलिमीटरची एसएसडी डुगडुगते, बरोबर मिळणारी प्लास्टिकची चौकट फेकून देऊ नका.

विंडोज अडखळते

ठिपके फिरत राहिले तर आधी थांबा. अपडेटच्या मध्ये असेल तर जुन्या हार्ड डिस्कवर दोन तासही लागतात. त्याहून जास्त झाले तर बटण दाबून धरून बंद करा. लागोपाठ दोन-तीन वेळा सुरू होताना असे बंद केले की विंडोज स्वतःच दुरुस्तीचे निळे पान उघडते. तिथे 'ट्रबलशूट', मग 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'. क्रम असा ठेवा: 'स्टार्टअप रिपेअर' एकदा, नाही जमले तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स', मग 'सिस्टीम रिस्टोअर', मग 'स्टार्टअप सेटिंग्ज'मधून ४ नंबर दाबून सेफ मोड (यात विंडोज अगदी गरजेपुरत्या गोष्टी घेऊन सुरू होते). सेफ मोडमध्ये नीट चालत असेल तर नुकताच टाकलेला ड्रायव्हर किंवा अँटीव्हायरस काढून टाका. 'रिसेट धिस पीसी' हा शेवटचा, तोही फाइल्स हाती आल्यावर.

कमांड प्रॉम्प्टपर्यंत (आज्ञा टाइप करून द्यायच्या खिडकीपर्यंत) जायची वेळ आली तर लक्षात ठेवा, दुरुस्तीच्या पानावर ड्राइव्हची अक्षरे बदलतात. नेहमीची सी ड्राइव्ह तिथे डी असू शकते. कमांड देण्याआधी 'विंडोज' नावाचा फोल्डर कुठल्या अक्षराखाली आहे ते बघा.

हे सगळे सुरू कशाने होते? पुष्कळदा मेलेल्या बॅटरीने. बॅटरी दहा मिनिटेही तग धरत नाही, लॅपटॉप चार्जरवरच चालतो, आणि वाळपई-पेडण्याकडे भर पावसात वीज गेली की अपडेटच्या मध्येच तो धाडकन बंद पडतो. अर्धवट लिहिलेली फाइल दुसऱ्या दिवशी विंडोजला उठू देत नाही. नवी बॅटरी महाग वाटत असेल तर ६०० व्हीएचा छोटा यूपीएस घ्या, तो मोडेमलाही आधार देतो. गडगडू लागले की चार्जर आणि नेटची वायर दोन्ही काढा. झटका नेटच्या वायरनेही येतो.

विंडोज १० चा मोफत आधार (मायक्रोसॉफ्टकडून येणारी अपडेट्स) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, त्यामुळे बरेच जुने लॅपटॉप तिथे बसत नाहीत. विंडोज नव्याने टाकायचीच वेळ आली असेल, आणि काम ब्राउझर, पत्रे, हिशेब एवढेच असेल, तर ४ जीबी रॅमवर लिनक्स मिंट जास्त सुखाने चालते. मात्र कर भरण्याचे किंवा बँकेचे एखादे खास सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल तर आधी ते तपासा.

दुकानात जाताना

चार्जरचा दिवा विझणे, जळका वास, फुगलेली बॅटरी, टकटकणारी डिस्क आणि आत सांडलेले पाणी, इथे घरी पुढे जायचे नाही. पाणी सांडले असेल तर चालू करून बघू नका, तांदळातही पुरू नका. चार्जर-बॅटरी काढून उलटा ठेवा आणि तसाच न्या.

दुकानात मॉडेलचा पूर्ण नंबर, लॅपटॉप कुठल्या पायरीवर अडतो, बीप किती आणि तुम्ही काय काय तपासले हे कागदावर लिहून द्या. डिस्क घरी ठेवता येत असेल तर ठेवा. बोर्ड तपासायला ती लागत नाही. बोर्ड बदलायला सांगितले तर आधी विचारा, चिप पातळीवर (बोर्ड न बदलता त्यावरचा बिघडलेला भागच बदलून) दुरुस्ती होते का, आणि काढलेले जुने भाग परत मिळतील का. बोर्डचा खर्च चांगल्या सेकंडहँड लॅपटॉपच्या निम्म्यावर जात असेल तर आमच्या मते तो खर्च करू नये. डिस्क आणि रॅम काढून घ्यावी, पुढच्या लॅपटॉपला प्रकार जुळला तर उपयोगी पडतात. चवथीच्या आठवड्यात दुकाने बंद असतात, तेव्हा काम आधीच देऊन ठेवा.

परत आलेला लॅपटॉप पावसाळ्यात बंद कपाटात पडू देऊ नका. आठवड्यातून एकदा तासभर चालवा, आतल्या उष्णतेने ओल निघते. बॅगेत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा. निळे मणी गुलाबी झाले की त्या बदला.